गणिताचे मोफत ऑनलाइन सराव-साहित्य: पहिल्या घटकापासून रोजच्या देखभालीपर्यंत

माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी गणिताचे मोफत संकेतस्थळ उभे करायला एक शनिवार-रविवार पुरतो. ते तीन वर्षांनी सुरू असते का, हा खरा प्रश्न. अशी कामे सहसा दोन कारणांनी बसतात. पसारा आवाक्याबाहेर जातो, किंवा उत्तरांत चुका सापडू लागतात आणि शिक्षक वर्गाला दुवा पाठवणे बंद करतात. दुसरे कारण जास्त घातक. उत्तरसूचीतले एक उत्तर चुकले, तर ज्याचे गणित बरोबर आले आहे ते मूल अर्धा तास नसलेली चूक शोधत बसते आणि शेवटी ‘मला गणित जमत नाही’ असे ठरवून मोकळे होते. म्हणून पुढचे सगळे एकाच हिशेबाने लावले आहे: जेवढे तपासून राखता येईल तेवढेच करायचे.

आधी एकच घटक

‘माध्यमिकचे संपूर्ण गणित’ असा फलक लावून सुरुवात करू नका. एक घटक घ्या आणि तो तळापासून पुरा करा. मुले जिथे अडकतात तो घटक निवडा, पण त्यांचे अडकणे बहुधा मागच्या इयत्तांतले असते हे धरून चला. वर्गसमीकरणात अडकलेल्या मुलाला अनेकदा वर्गसमीकरण छळत नसते. ऋण संख्यांचा गुणाकार आणि कंसाबाहेरचे वजा चिन्ह छळत असते.

त्यामुळे घटकाच्या दाराशी पाच प्रश्नांची छोटी चाचणी ठेवा. वर्गसमीकरणांसाठी ती अशी: चिन्हांसह गुणाकार, कंस सोडवणे, सामाईक अवयव काढणे, वर्गमूळ आणि एक साधे रेषीय समीकरण. प्रत्येक प्रश्नामागे उजळणीचे एक पान. तिसरा प्रश्न चुकला तर फक्त सामाईक अवयवाचे पान समोर यावे. मागचे सगळे पुन्हा वाच, असे सांगितलेले मूल काहीच वाचत नाही.

आता कामाचा अंदाज. सहा पाठ, प्रत्येकात दोन पूर्ण सोडवलेली उदाहरणे, दोन अर्धवट सोडवलेली, दहा सरावाचे प्रश्न, शिवाय दाराशी पाच. एकूण ८९ प्रश्न-उदाहरणे. लिहिणे, इशारे, टंकन आणि तपासणी मिळून प्रत्येकी अर्धा तास धरला तर साधारण ४५ तास होतात. आठवड्याला चार तास देणाऱ्या माणसाची ही अकरा-बारा आठवड्यांची कमाई आहे, आणि झाला किती, तर एक घटक. हा हिशेब मांडल्यावर ‘संपूर्ण गणिता’चा मोह आपोआप उतरतो.

एक पाठ जवळून

पाठाची रचना पूर्ण, मग अर्धवट, मग कोरे अशी ठेवा. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणित शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत दिसले होते की, नवशिक्याला नुसती गणिते सोडवायला देण्यापेक्षा आधी सोडवलेली उदाहरणे अभ्यासायला दिली तर तसलीच गणिते पुढे लवकर आणि कमी चुकांनी सुटतात. मात्र जम बसलेल्या मुलाला हीच उदाहरणे अडगळ वाटतात, म्हणून ‘थेट सरावाला’ अशी पळवाट वरच ठेवा.

उदाहरण घेऊ: २क्ष² − ७क्ष + ३ = ०.

पूर्ण सोडवलेल्या उदाहरणात प्रत्येक ओळीच्या उजवीकडे त्या ओळीचे कारण हवे. ‘गुणाकार २ × ३ = ६, बेरीज −७; म्हणून −६ आणि −१.’ ‘मधले पद फोडले: २क्ष² − ६क्ष − क्ष + ३.’ ‘पहिल्या दोन पदांतून २क्ष, पुढच्या दोनांतून −१ सामाईक.’ इथे थांबा. −१ सामाईक काढताना +३ चे −३ होते, ही पायरी फळ्यावर तोंडी उरकली जाते आणि मुले नेमकी तिथेच घसरतात. (क्ष − ३)(२क्ष − १) = ० या ओळीवर उडी मारू नका. त्याआधीची २क्ष(क्ष − ३) − १(क्ष − ३) ही ओळ पूर्ण लिहा, एक लिहायची पद्धत नसली तरी तो एक लिहा.

अर्धवट उदाहरणात शेवटची पायरी आधी गाळा, पुढच्या उदाहरणात शेवटच्या दोन. पहिली पायरी गाळलेली उदाहरणे दिसायला आव्हानात्मक असतात, पण त्यात मूल सुरुवातीलाच अडते आणि पुढच्या छापील ओळी वाया जातात.

इशाऱ्यांची शिडी तीन पायऱ्यांची पुरे. पहिला इशारा दिशा दाखवतो (‘कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार ६ आणि बेरीज −७?’), दुसरा पहिली ओळ देतो, तिसरा पूर्ण उकल. पाच-सहा पायऱ्या केल्या की मुले भराभर कळ दाबत तळाशी पोहोचतात आणि मधले काही वाचत नाहीत.

चुकीच्या उत्तराला उत्तर

‘चूक. पुन्हा प्रयत्न करा.’ हे वाक्य साहित्यातून हद्दपार करा. वरच्या समीकरणाची उत्तरे ३ आणि १/२. मुलाने ६ आणि १ लिहिले, तर त्याने −६ आणि −१ या संख्या शोधल्या आणि क्ष² चा सहगुणक २ आहे हे विसरून तिथेच उकल संपवली. ३३/४ आणि २३/४ लिहिले, तर सूत्र वापरताना (७ ± ५)/४ मधल्या फक्त ५ ला ४ ने भागले आणि ७ भागाकाराबाहेर राहिला. ‘वास्तव उत्तर नाही’ असे लिहिले, तर वर्गमुळाखाली (−७)² च्या जागी −४९ आले: −४९ − २४ = −७३. गणकयंत्रात कंसाशिवाय −७² दाबले की हेच होते. प्रत्येकाला वेगळे वाक्य लिहायला दहा मिनिटे लागतात, आणि मोफत साहित्यात ही दहा मिनिटे सर्वांत मोलाची.

आता गंमत पाहा. −३ आणि −१/२ हे उत्तर दोन वाटांनी येते. अवयव बरोबर पाडून क्ष − ३ = ० वरून क्ष = −३ लिहिले तरी येते, आणि सूत्रात −ब च्या जागी नुसते ब घेतले तरी, म्हणजे (−७ ± ५)/४. नुसत्या उत्तरावरून कोणती चूक ते ओळखता येत नाही. अशा वेळी ‘अवयव पाडलेस की सूत्र वापरलेस?’ एवढेच विचारा आणि मग योग्य वाक्य दाखवा. बहुपर्यायी प्रश्नांतले चुकीचे पर्यायही अशाच खऱ्या चुकांतून काढायचे. २९, ३१, ४७ असे हवेतले आकडे टाकले की हुशार मूल गणित न करताच बरोबर पर्याय हुडकते.

उत्तर तपासणाऱ्या यंत्रणेची कुलंगडी

मुलाने बरोबर उत्तर लिहावे आणि यंत्रणेने ते चूक म्हणावे, याइतका विश्वास कशानेच तुटत नाही. टंकलेले उत्तर तपासण्याआधी ते धुऊन घ्यावे लागते:

– देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक एकच माना. मराठी कळफलकावरून आलेले ३ अनेक तयार प्रणालींना अंक वाटतच नाही.
– वजाबाकीचे चिन्ह, जोडरेघ आणि लांब रेघ ही तीन वेगळी चिन्हे आहेत. दुसरीकडून नक्कल करून चिकटवलेल्या उत्तरात यांपैकी काहीही येते. तिन्ही एका चिन्हात बदला.
– मोकळ्या जागा, ‘क्ष =’, ‘आणि’, स्वल्पविराम काढून संख्यांचा संच तयार करा. १/२ आणि ३ लिहिले काय, ३ आणि १/२ लिहिले काय, क्रमाला महत्त्व नाही.

फोनवर आणखी एक खोच आहे. चौकटीला ‘फक्त अंक’ असा कळफलक जोडला की काही फोनवर वजा चिन्ह आणि तिरकी रेघ दिसतच नाही. ऋण उत्तर लिहायचे कसे, हा मुलाचा प्रश्न रास्त असतो. चौकटीखाली −, /, √ अशी स्वतःची बटणे द्या.

अपूर्णांक दशांशात बदलून तुलना करू नका. संगणकाच्या लेखी ०.१ + ०.२ म्हणजे ०.३०००००००००००००००४. अंश आणि छेद पूर्णांक म्हणून वेगळे ठेवा आणि तिरका गुणाकार जुळतो का ते पाहा. ‘सर्वांत सोप्या रूपात लिहा’ असे विचारले असेल आणि २/४ आले, तर ‘किंमत बरोबर आहे, रूप अजून सोपे होते’ असा तिसरा निकाल हवा.

पायच्या बाबतीत प्रश्नातच किंमत ठरवा. त्रिज्या ७ असेल तर २२/७ घेऊन क्षेत्रफळ १५४ येते, ३.१४ घेऊन १५३.८६, आणि गणकयंत्रातल्या पायने १५३.९४. तिन्ही मुले बरोबर आहेत, पण यंत्रणेला ते सांगितलेले नसते. किती फरक चालेल तेही आकड्यात लिहून ठेवा.

बैजिक राशी तपासायच्या असतील तर दोन मार्ग आहेत. एक, क्ष च्या पाच-सहा किमती घालून दोन्ही राशींची किंमत जुळते का ते पाहणे. त्यात ० आणि १ कधीच घेऊ नका, कारण तिथे क्ष आणि क्ष² सारखेच असतात. छेद शून्य करणारी किंमतही टाळा. दुसरा मार्ग बीजगणित करणाऱ्या प्रणालीचा. मूडल या ऑनलाइन वर्ग चालवण्याच्या प्रणालीसोबत चालणारे ‘स्टॅक’ यासाठी पाठीमागे ‘मॅक्सिमा’ ही बीजगणिताची प्रणाली वापरते. दोन्ही मार्गांत एक सापळा सारखाच: ‘अवयव पाडा’ या प्रश्नात मुलाने दिलेली राशीच जशीच्या तशी परत लिहिली, तर ती अर्थातच समान ठरते आणि पूर्ण गुण मिळतात. अशा प्रश्नांत रूपाची तपासणी वेगळी लावावी लागते. स्टॅकमध्ये तशी सोय आहे, स्वतःच्या यंत्रणेत ती तुम्हाला लिहावी लागेल.

आकडे बदलणारे प्रश्न

दर वेळी नवे आकडे देणारा प्रश्न म्हणजे सरावाची विहीर. मात्र आकडे उत्तराकडून मागे यायला हवेत. आधी सहगुणक निवडले तर उत्तरात भलतीच वर्गमुळे येतात. आधी मुळे निवडा, मग समीकरण बनवा. −९ ते ९ मधून शून्य वगळून दोन वेगळी मुळे घेतली तर १५३ जोड्या होतात. त्यातल्या ३ आणि −३ अशा परस्परविरुद्ध संख्यांच्या ९ जोड्यांत मधले पद नाहीसे होते, म्हणून त्या वगळा. उरलेली १४४ समीकरणे एका वर्गाला पुरून उरतात.

मांडणीचे नियमही लिहावे लागतात: १क्ष नव्हे तर क्ष, ‘+ −३’ नव्हे तर ‘− ३’, सहगुणक शून्य असेल तर ते पद गायब. भूमितीत त्रिकोणाच्या बाजू निवडताना कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी आहे का ते तपासा. नाहीतर ३, ४, ८ बाजूंचा त्रिकोण एक दिवस कोणाच्या तरी पडद्यावर अवतरतोच. पायथागोरसच्या प्रश्नांत ३-४-५ आणि ५-१२-१३ यांचाच रतीब घातला की मुले कर्ण पाठ करतात. कर्ण ५० पेक्षा लहान असलेली, सामाईक अवयव नसलेली एकूण सात त्रिकुटे आहेत, त्यात ८-१५-१७, ७-२४-२५, २०-२१-२९, १२-३५-३७ आणि ९-४०-४१ येतात. शिवाय निम्म्या प्रश्नांत कर्ण पूर्णांक येऊच देऊ नका.

सूत्रे, आकृत्या आणि पानाचे वजन

सूत्रे चित्र म्हणून चिकटवू नका. मोठी केली की ती धूसर होतात, शोधात सापडत नाहीत आणि दृष्टिहीन मुलाच्या वाचकप्रणालीला तिथे काहीच दिसत नाही. लाटेक या सूत्रे साध्या अक्षरांत टंकण्याच्या पद्धतीने लिहा आणि मॅथजॅक्स किंवा केटेक्स या ब्राउझरमध्ये सूत्रे मांडणाऱ्या प्रणालींपैकी एकीने दाखवा. केटेक्स वेगवान आहे आणि पान बनवतानाच सूत्रे तयार करून ठेवते. मॅथजॅक्सची वाचकप्रणालीशी जुळणी जास्त चांगली आहे. दोन्ही मोफत आहेत. काहीही निवडा, पण त्याची प्रत आपल्याच ठिकाणी ठेवा. मॅथजॅक्सने स्वतःची वितरणसेवा एप्रिल २०१७ मध्ये बंद केली, तेव्हा त्या जुन्या पत्त्यावर विसंबलेल्या सगळ्यांना धावपळ करावी लागली होती. सूत्राच्या आत मराठी शब्द घालणे टाळा, सूत्राचा फाँट आणि मजकुराचा फाँट उंचीला जुळत नाहीत.

मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या पद्धतीच्या फाँटमधले साहित्य हाताशी असेल तर ते बदलून घ्या, आणि बदलल्यावर अपूर्णांक, घात आणि चिन्हे डोळ्यांनी तपासा. फाँट बदलून देणाऱ्या प्रणाली नेमक्या तिथेच चुकतात.

आकृत्या एसव्हीजी या रेषांवर आधारलेल्या चित्रस्वरूपात काढा. त्या हलक्या असतात आणि कितीही मोठ्या केल्या तरी स्पष्ट राहतात. रंगावर अर्थ टांगू नका. ‘लाल कोन’ म्हणण्याऐवजी कोनाला नाव द्या. मजकूर आणि पार्श्वभूमी यांतला उठाव किमान ४.५ : १ असावा, सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या आकाराच्या मजकुरासाठी हेच प्रमाण आहे. हलणाऱ्या आकृत्यांसाठी जिओजेब्रा उत्तम, पण ती पान उघडताच सुरू करू नका. आधी स्थिर चित्र, आणि मुलाने बोट लावल्यावर हलती आकृती. जिओजेब्रा मोफत आहे ते अव्यावसायिक वापरासाठी, हेही ध्यानात असू द्या.

एका पाठाचे वजन ३०० केबीच्या आत बसवता येते. गिटहब पेजेससारख्या मोफत ठिकाणी संकेतस्थळाला १ जीबी जागा आणि महिन्याला १०० जीबी वाहतुकीची सैलसर मर्यादा असते. या हिशेबाने महिन्याला तीन लाखांहून अधिक पाने उघडली तरी भागते. डेटाबेस, लॉगिन, प्रशासनाचे पॅनेल यांची सुरुवातीला गरजच नाही. साध्या स्थिर पानांत बिघडण्यासारखे फार काही नसते.

छापण्याची सोय मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा: ए-४ पान, प्रश्नांखाली कच्च्या कामाला जागा, उत्तरे वेगळ्या पानावर. आणि पानांचे पत्ते कधीही बदलू नका. शिक्षकांनी छापलेल्या कागदावर तो पत्ता क्यूआर कोडच्या रूपात वर्षानुवर्षे राहतो. बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे वळण लावा.

तपासणी

प्रत्येक प्रश्नाला ओळखक्रमांक द्या, जसे वस-०३-०७: घटक, पाठ, प्रश्न. त्याची अवस्था तीनपैकी एक: कच्चा, तपासलेला, प्रसिद्ध. तपासणारा माणूस लिहिणाऱ्यापेक्षा वेगळा हवा आणि त्याला उत्तर दिसता कामा नये. उत्तर समोर असले की डोळा तिकडेच ओढला जातो आणि माणूस नुसती मान डोलावतो. त्याने कागदावर गणित सोडवायचे, मग जुळवायचे. समीकरणांच्या बाबतीत उत्तर परत समीकरणात घालून पाहणारा छोटा प्रोग्राम लिहून ठेवा. आकडे बदलणाऱ्या प्रश्नाच्या हजार आवृत्त्या काढून त्यातूनच तपासा. चॅटबॉटकडून लिहून घेतलेले प्रश्नही याच चाळणीतून जायला हवेत. त्यांची उकल छान वाटते आणि मध्येच एखादे चिन्ह उलटलेले असते.

प्रत्येक प्रश्नाशेजारी ‘चूक कळवा’ असे बटण, आणि त्यात ओळखक्रमांक आपोआप भरलेला. ‘तिसऱ्या पाठातले ते वर्तुळाचे गणित चुकले आहे’ अशा निरोपावरून प्रश्न शोधण्यात संध्याकाळ जाते. तक्रार आली की प्रश्न आधी झाका, मग तपासा. दुरुस्ती झाल्यावर त्याच साच्याचे बाकीचे प्रश्न पाहा, कारण चूक बहुधा साच्यात असते. काय दुरुस्त केले त्याची तारीखवार नोंद उघड ठेवा. सगळा मजकूर गिटसारख्या आवृत्ती-नोंदीत असेल तर हे विनासायास होते.

व्हिडिओ शेवटी

व्हिडिओत चूक सापडली तर दुरुस्त करता येत नाही, पुन्हाच करावा लागतो. म्हणून लिखित पाठ एक-दोन परीक्षांच्या हंगामांत तावून सुलाखून निघाल्यावरच व्हिडिओला हात घाला. एका व्हिडिओत एकच उदाहरण, सहा मिनिटांच्या आत. चित्र साधे चालते, आवाज खरखरला की मूल निघून जाते. सोबत उपशीर्षके आणि लिखित उकल हवीच.

मुलांची माहिती आणि हक्क

सर्वांत सुरक्षित माहिती म्हणजे न घेतलेली माहिती. नाव, शाळा, ईमेल काहीच मागू नका. कोणता प्रश्न सुटला हे मुलाच्या ब्राउझरमध्येच साठवता येते. माहिती घेण्याचे ठरवलेच तर पालकांच्या संमतीसाठी ‘मूल’ कोणत्या वयापर्यंत, हे देशोदेशी वेगळे आहे: अमेरिकेत १३ वर्षांखालचे, युरोपीय संघाच्या मूळ नियमात १६ (सदस्य देश ते १३ पर्यंत आणू शकतात) आणि भारताच्या २०२३ च्या कायद्यात १८. जाहिराती तर नकोतच. त्यांच्यासोबत माग काढणाऱ्या यंत्रणा येतात.

प्रमेयावर कोणाची मालकी नसते. प्रश्नाची शब्दरचना, आकृती आणि निवडलेला संच यांवर असू शकते. पाठ्यपुस्तकातला प्रश्न नावे बदलून वापरणे म्हणजे नवा प्रश्न नव्हे. स्वतःच्या साहित्याला क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे ठरलेल्या अटींवर इतरांना साहित्य वापरू देणारा तयार परवाना लावा. ‘श्रेयनिर्देश, समान परवाना’ हा प्रकार बरा. ‘अव्यावसायिक’ ही अट ऐकायला गोड लागते, पण शुल्क घेणाऱ्या शाळेने प्रती काढायच्या की नाहीत इथूनच घोळ सुरू होतो. पुस्तक छापण्याचा प्रस्ताव आला तर ऑनलाइन आवृत्तीचा हक्क लेखी राखून ठेवा. मॅथवर्ल्ड हा गणिताचा मोठा ऑनलाइन ज्ञानकोश छापील आवृत्तीच्या प्रकाशकाशी झालेल्या वादात २००० मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बंद पडला आणि नोव्हेंबर २००१ मध्येच पुन्हा उघडला.

देखभालीचे वेळापत्रक

आठवड्याला एक तास तक्रारींना. महिन्यातून एकदा तुटलेले दुवे आणि सर्वाधिक चुकलेले दहा प्रश्न, ब्राउझरकडून निनावी बेरजा घेत असाल तर. ऐंशी टक्के मुले एखादा प्रश्न चुकवत असतील, तर बहुतेक वेळा प्रश्नाची भाषा संदिग्ध असते किंवा उत्तर चुकलेले असते. मुलांना दोष देण्याआधी ते पाहा. वर्षातून एकदा, परीक्षा संपल्यावर, अभ्यासक्रमातले बदल आणि एका साध्या, जुन्या फोनवर सगळे पाठ उघडून पाहणे.

संकेतस्थळाचे नाव दोघांच्या ताब्यात असू द्या आणि नूतनीकरण आपोआप होईल असे ठेवा. ते एकदा चुकले की नाव दुसऱ्याकडे जाऊ शकते, आणि मुलांच्या वहीतल्या पत्त्यावर उद्या काय उघडेल याचा नेम नाही. मजकुराच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीत, त्यातली एक दुसऱ्या जागी. पासवर्ड कुठे आहेत, पान कसे बनते, चूक कशी दुरुस्त करायची हे दोन पानांत लिहा आणि ज्याने हे काम कधी केलेले नाही अशा माणसाकडून त्यावरून एक दुरुस्ती करून घ्या. तो जिथे अडेल तिथे ती दोन पाने अपुरी आहेत.

थांबायची वेळ आली तर सहा महिने आधी पानाच्या माथ्यावर तसे लिहा, सगळे साहित्य परवान्यासह एका झिप फाइलमध्ये उतरवून घेण्यासाठी ठेवा, आणि साहित्य काढून घेतल्यावरही संकेतस्थळाचे नाव निदान दोन वर्षे स्वतःकडे राहू द्या.